ठळक अक्षराची पूर्वपीठिका

इंग्रजी शब्दकोशांत एखादा शब्द शोधतांना आपली दृष्टि पानावरून किती झरझर खालीं उतरते, हें आपण कधीं लक्षांत घेतलें आहे काय? अर्थ, व्युत्पत्ति, उदाहरणें हीं सारीं साध्या अक्षरांत असतात. मूळ शब्द मात्र काळाभोर, ठसठशीत उभा असतो. ही सोय मुद्रणकलेबरोबरच जन्मास आली असावी, असें पुष्कळांस वाटतें. परंतु गुटेनबर्गनंतर जवळजवळ चारशें वर्षें पाश्चात्य मुद्रकांजवळ चालू मजकुराशीं जुळेल असें ठळक अक्षर नव्हतें. शब्दावर भर द्यावयाचा तर तिरपें अक्षर, कॅपिटल अक्षर, किंवा जुन्या वळणाचें गॉथिक अक्षर, एवढाच काय तो मार्ग. डॉक्टर जॉन्सनच्या १७५५ च्या प्रख्यात कोशांतहि मूळ शब्द कॅपिटल अक्षरांतच आहेत.

ठळक अक्षर ग्रंथांत जन्मलें नाहीं. तें रस्त्यावर जन्मलें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनच्या भिंतींवर नाटकांच्या, औषधांच्या, सरकारी सोडतींच्या जाहिरातींची एकच गर्दी उसळली. त्या काळच्या फॅशनेबल ग्रंथाक्षरांच्या बारीक रेघा केसासारख्या असत. दहा पावलांवरून त्या दिसतच ना. प्रथम कारागिरांनीं जाड रेघा अधिक जाड केल्या, पण बारीक रेघा तशाच ठेवल्या. तीं अक्षरें पोट सुटलेल्या, पण काडीसारखे पाय असलेल्या माणसासारखीं दिसत. पुढें १८१५ च्या सुमारास व्हिन्सेंट फिगिन्स या लंडनच्या टाईप ओतणाऱ्या कारखानदारानें ‘अँटीक’ नांवाचें नवें अक्षर काढलें. त्यांत बहुतेक सर्व रेघा सारख्याच जाड, आणि टोकांना जोडलेल्या आडव्या पट्ट्याहि तितक्याच जाड. आपल्या देवनागरी अक्षराच्या डोक्यावर जशी रेघ असते, तशी येथें पायाशींहि आडवी, भक्कम पट्टी आली, असें समजावें. अशीं अक्षरें सहजासहजी झिजत नसत, आणि हलक्या कागदावरहि स्पष्ट उठत.

याच घाटाला पुढें ‘ईजिप्शियन’ असें नांव पडलें. ईजिप्त देशाशीं त्याचा संबंध शून्य! नेपोलियनच्या १७९८ च्या स्वारीनंतर युरोपांत ईजिप्तचें वेड पसरलें होतें, एवढेंच कारण. गंमत अशी, कीं १८१६ च्या सुमारास कॅस्लन घराण्यानें हेंच नांव टोकांना मुळींच पट्टी नसलेल्या अक्षराला दिलें होतें. विल्यम थॉरोगुड यानें १८२० मध्यें रॉबर्ट थॉर्नचा कारखाना विकत घेतला, तोहि म्हणे सोडतींत मिळालेल्या पैशानें. सोडतींच्या जाहिरातींवर पोसलेलें अक्षर सोडतीच्याच पैशानें विकलें जावें, हा योग मोठा मौजेचा खरा. अमेरिकेंत डेरियस वेल्स यानें १८२७ मध्यें यंत्रानें लांकडी टाईप कोरण्याची युक्ति काढली, आणि मग हातभर उंचीचीं अक्षरेंहि स्वस्त झालीं.

येथवर हें अक्षर केवळ आरोळी ठोकणारें होतें. त्याला पुस्तकांत बसावयास शिकविलें तें थॉरोगुडचा भागीदार रॉबर्ट बेस्ली यानें. १८४५ मध्यें फॅन स्ट्रीटवरील त्यांच्या कारखान्यानें ‘क्लॅरेंडन’ नांवाचें अक्षर बाजारांत आणलें. पोलादाच्या दांडीच्या टोकावर उलटें अक्षर कोरून तिचा ठसा तांब्यांत उठवावयाचा, व त्यांत शिशाचा मिश्र धातु ओतावयाचा, अशी ती रीत. हें अतिसूक्ष्म कोरीव काम बेंजामिन फॉक्स या कारागिराचें. त्यानें पट्टी रेघेला एकदम काटकोनांत न जोडतां हलक्या बांकानें जोडली, अंग थोडें आवळलें, आणि काळेपणा इतकाच ठेवला कीं साध्या अक्षराच्या ओळींत तें शेजारधर्म पाळून राहील. माझ्या मतें खरा शोध हाच. ओरडणें सोपें, चार माणसांत बसून एकच शब्द ठासून सांगणें कठीण. जुळाऱ्यांना हें अक्षर इतकें सोयीचें वाटलें, कीं इंग्लंडच्या छापखान्यांत ‘क्लॅरेंडन’ म्हणजे कोणतेंहि ठळक अक्षर, असाच अर्थ रूढ झाला.

बेस्लीनें १८४२ च्या कायद्याखालीं या अक्षराची नोंदणी केली होती. तीन वर्षें संरक्षण मिळालें. १८४८ मध्यें मुदत सरतांच इतर कारखान्यांनीं नकला काढण्यास सुरुवात केली. बेस्ली संतापला, आणि नकला करणाऱ्यांवर त्यानें जाहीर टीका केली. त्याचा राग मला समजतो. मात्र त्याची फिर्याद मला निर्दोष वाटत नाहीं. ज्या ईजिप्शियन अक्षराच्या खांद्यावर क्लॅरेंडन उभें होतें, तें त्याच्या जन्मापूर्वीं तीस वर्षें बाजारांत फिरत होतें, आणि फिगिन्सला त्याबद्दल कोणी दमडीहि दिल्याचें ऐकिवांत नाहीं. शिवाय ज्या हातानें पोलाद कोरलें, त्या हाताचा वांटा किती, हा प्रश्न कायद्यानें विचारलाच नव्हता.

पुढें टंकलेखनयंत्रानेंहि हाच घाट उचलला. त्या यंत्रांत प्रत्येक अक्षराला सारखीच जागा, म्हणून अरुंद ‘आय’ अक्षराला दोन्हीं बाजूंनीं लांब पट्ट्या देऊन ती जागा भरून काढावी लागली. विसाव्या शतकांत जर्मनींत ‘मेम्फिस’ (१९२९) व इंग्लंडांत ‘रॉकवेल’ (१९३४) हे कंपासपट्टीनें आंखल्यासारखे अवतार निघाले, ते मला कोरडे वाटतात. स्वित्झर्लंडच्या हास कारखान्यानें १९५३ मध्यें काढलेलें क्लॅरेंडन मात्र फॉक्सच्या हाताची ऊब राखून आहे.

बेस्ली १८६९ मध्यें लंडनचा लॉर्ड मेयर झाला. तत्पूर्वीं १८६१ मध्येंच तो धंद्यांतून निवृत्त झाला होता. त्यानंतर कारखान्याच्या दारावर जें नांव लागलें तें ‘रीड अँड फॉक्स’. त्यांतला फॉक्स म्हणजे तोच पोलाद कोरणारा बेंजामिन.