निदानाची भाषा

१९८२ साली कॅलिफोर्नियातील मर्सेड येथे लाओसहून आलेल्या हमाँग निर्वासित दाम्पत्याने तान्ह्या लिया लीला इस्पितळात नेले. आकडी ओसरली होती, दुभाष्या नव्हता. छातीचा विकार समजून औषध देऊन घरी धाडले. 'आत्मा पकडतो आणि माणूस कोसळतो' हे तिच्या व्याधीचे हमाँग नाव कुणापर्यंत पोचलेच नाही.

अ‍ॅन फॅडिमन यांच्या १९९७ च्या ग्रंथामुळे ही कहाणी परिचारिकांच्या अभ्यासक्रमात आली. तत्पूर्वीच मॅडलिन लायनिंजर यांनी परिचर्येला मानववंशशास्त्राची जोड दिली होती. पण प्रशिक्षणात 'अमुक समाज असा, तमुक तसा' अशा याद्याही होऊ लागल्या (समीक्षेतली लेबले आठवावीत!). १९९८ मध्ये टर्व्हॅलॉन व मरी-गार्सिया यांनी 'क्षमते'ऐवजी 'सांस्कृतिक विनम्रता' मागितली. हा शब्दबदल आम्हांला मोलाचा वाटतो. तथापि लियाच्या आईवडिलांना बाटलीवरचे इंग्रजी वाचता येत नव्हते, तिथे विनम्रतेआधी दुभाष्याच हवा होता.