सूर्यबिंबाचा चित्रकार

दुर्बिणींतून थेट सूर्याकडे पाहणें म्हणजे दृष्टीस मुकणें. म्हणून इंग्लंडांतील रेडहिल येथें रिचर्ड कॅरिंग्टन हा फिकट पिवळ्या रंगानें माखलेल्या कांचेवर सूर्याचें अकरा इंच व्यासाचें प्रतिबिंब पाडी आणि त्यावरून डाग चितारी. १८५३ पासून चाललेलें हें काम कारकुनी थाटाचेंच; पण सूर्याचा विषुववृत्ताजवळचा भाग इतर भागांहून जलद फिरतो, हें त्यांतूनच निष्पन्न झालें.

१ सप्टेंबर १८५९ रोजीं सकाळीं ११ वाजून १८ मिनिटांनीं एका मोठ्या डागसमूहाचें चित्र पुरें झालें, तोंच त्या समूहांत दोन शुभ्र ठिपके लखलखले. पडद्याच्या छिद्रांतून ऊन शिरलें असावें, असें त्यास प्रथम वाटलें. खात्री पटतांच तो साक्षीदारासाठीं धांवला. मिनिटभरांत परततो, तों तेज बरेंच ओसरलेलें! सुदैवानें हॉजसन यानेंहि तें अन्यत्र स्वतंत्रपणें पाहिलें होतें. कॅरिंग्टननें आपलें चित्र पुन्हां बिंबाशीं ताडलें. डागांत तिळमात्र फरक नव्हता. अर्थात् हा प्रकार पृष्ठभागाच्या वर घडला असला पाहिजे, असें त्यानें ठरविलें. आधींचें चित्र नसतें तर हें अनुमान कशाच्या आधारें करावयाचें?

सुमारें साडेसतरा तासांनीं पृथ्वीवर चुंबकीय वादळ उठलें, तारायंत्रें बिघडलीं. एकाच उदाहरणावरून दोहोंचा कार्यकारणसंबंध जोडण्याचें कॅरिंग्टननें मात्र टाळलें. हा संयम दुर्मिळ होय. आपल्या मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंतहि त्या वेळीं चुंबकाचीं मापें डोळ्यांनीं वाचून वहींत उतरविलीं जात होतीं. २००३ सालीं त्या नोंदींवर प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, तेथील क्षैतिज चुंबकबल सुमारें १६०० नॅनोटेस्लांनीं घसरलें होतें.