मैनेची छक्कड

छक्कड ही तमाशातली लावणीचीच ठसकेबाज बहीण. नखरा, चढाओढ, जमल्यास एखादी वात्रट कोपरखळी. विरह आलाच तर तो बहुधा बाईच्या तोंडी: धनी परमुलखात, ती घरी झुरते आहे. अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’मध्ये झुरतो तो गडी.

हे गिरणगावातच सुचावं. लालबाग-परळच्या चाळींत एकेका खोलीत कोकणातले, घाटावरचे चाकरमानी दाटीवाटीनं राहत. पाळीप्रमाणे झोपायचं, खाणावळीत जेवायचं, पगार झाला की मनीऑर्डर करायची. बायकापोरं गावी. अण्णाभाऊ स्वतः वाटेगावहून वडिलांबरोबर पायी मुंबईला आलेले, गिरणीत राबलेले. १९४४ साली शाहीर अमर शेख आणि गवाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. त्यांच्या तमाशात सुरुवातीच्या गणातला गणपती जाऊन मातृभूमी आणि कष्टकरी आले. गवळण तर गळालीच.

मैनेची खरी कमाल पुढे आहे. आधी तिच्या रूपाचं मनसोक्त वर्णन, मग गरिबी, ताटातूट, मुंबईतली श्रीमंती आणि वणवण. आणि संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली असताना शाहीर एकाएकी म्हणतो की महाराष्ट्राचीही हीच गत झाली! बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव म्हणजे दुरावलेली मैना. नकाशावरच्या रेघेचं दुःख गिरणी कामगाराला समजावायला याहून सरळ वाट मला तरी दिसत नाही. विरह त्याच्या घरातलाच होता.

असंच वळण आर्मेनियन लोकांच्या ‘क्रुंक’ या जुन्या गाण्याला मिळालं. दुःखं एका मापाची नाहीत, हे आधीच सांगतो. या गाण्यात परदेशी गेलेला माणूस क्रौंच पक्ष्याला मुलखाची खबर विचारतो. कोमितास या धर्मगुरू-संगीतकारानं अशी गावोगावची गाणी गोळा केली, बांधली. २४ एप्रिल १९१५ रोजी कॉन्स्टँटिनोपलमध्ये ऑटोमन सरकारनं पकडलेल्या बुद्धिमंतांत तोही होता. तो वाचला, पण मन मोडलं. १९३५ साली पॅरिसमध्ये वारला. आर्मेनियन लोकांच्या त्या संहारात लाखो माणसं गेली, खबर विचारावी अशी गावंच उरली नाहीत, आणि पोटासाठी घर सोडणाऱ्याचं गाणं हरवलेल्या मुलखाचं झालं.

१ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. बेळगाव-कारवार म्हैसूर राज्यात राहिले, डांग-उंबरगाव गुजरातेत गेले. अण्णाभाऊ १९६९ साली वारले. त्यांच्या मागे ही छक्कड शाहीर विठ्ठल उमपांच्या खड्या आवाजात गाजत राहिली.