श्रीवर्धनचा कारभार कोण पाहतो?

साल 1719. श्रीवर्धनच्या एका वाडीत, पोफळींच्या सावलीत तुम्ही उभे आहात. दिल्लीची बातमी घाट उतरून इथवर आली आहे. इथल्या देशमुख भटांच्या घरातले बाळाजी विश्वनाथ, आता शाहू छत्रपतींचे पेशवे, बादशहाकडून स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले. दख्खनच्या 6 सुभ्यांच्या वसुलातला चौथा हिस्सा, वर शेकडा 10 सरदेशमुखी. चौथाईच्या वाटण्याही ठरतात: राजाची बाबती, सचिवांचा साहोत्रा, नाडगौंडा, आणि उरलेला मोठा मोकासा सरदारांचा. वरून हक्क मिळवायचा आणि तो खाली वाटून द्यायचा, ही घडी बसवणारा माणूस तुमच्या गावचा. तुमच्या वाडीचा वसूल मात्र सिद्दीच्याच खजिन्यात जातो, कारण श्रीवर्धनवर अंमल जंजिऱ्याच्या सिद्दीचा आहे.

हा अंमल उठायला 1948 चा जानेवारी उजाडावा लागतो. नानासाहेब पुरोहित आणि तरुण मोहन धारिया यांच्यामागे माणसं जंजिरा संस्थानात शिरतात, तुम्हीही बाजारात घोषणा देता. सिद्दी नवाबाचं राज्य संपतं. ही मुक्ती खरी आहे, तिचं मोल कमी करू नये. पण तुमच्या अर्जाचा प्रवास संपत नाही. पूर्वी तो मुरुडला जायचा, आता अलिबागला आणि तिथून मुंबईला जातो. 1999 मध्ये नगरपरिषदांची जकात गेली, बदल्यात सरकारी अनुदान आलं. गावाच्या हातातलं हक्काचं उत्पन्न असं एका निर्णयात आटलं.

आता 3 जून 2020. निसर्ग वादळ तुमच्या डोक्यावरून गेलं आहे. कौलं उडाली, तारा तुटल्या, उभ्या पोफळी मोडून आडव्या झाल्या. नवी रोपं लावली तर धरायला कित्येक वर्षं जातील. तलाठी पंचनामा करतो. भरपाईचा दर हेक्टरी ठरला आहे, आणि तुमची वाडी आहे काही गुंठ्यांची, तीत माड, पोफळ, मधेमधे जायफळ, मिरीचे वेल. हेक्टरच्या हिशेबात हातात येणार किती? दर झाडावर ठरावा म्हणून ओरड झाली. मग माडामागे 250 आणि पोफळीमागे 50 रुपये, असा निर्णय आला. तोही मुंबईहूनच. इथल्या कुठल्याही वाडीवाल्याने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं की वाडी झाडं मोजून ओळखतात. ते ऐकून दर ठरवण्याचा अधिकार गावात कोणालाच नव्हता. तरी त्या दिवसांत एक गोष्ट होती: तुम्ही नगरसेवकाच्या दारात जाऊन भांडू शकत होता.

2023 मध्ये या, म्हणजे तेही गेलेलं दिसेल. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात आहे, निवडणुका लांबल्या आहेत, राज्यभरातल्या नगरपरिषदांप्रमाणे इथेही प्रशासक बसला आहे. गटार तुंबलं, दिवे गेले, तर अर्ज द्यायचा आणि वाट पाहायची. अधिकारी भला असेलही. पण त्याची नेमणूक सरकारने केली आहे, तुम्ही नाही, आणि त्याला बदलणंही तुमच्या हातात नाही. 1992 च्या 74व्या घटनादुरुस्तीत स्पष्ट आहे: नगरपरिषदेची मुदत पाच वर्षं, आणि ती संपण्याआधी निवडणूक. आरक्षणाचा प्रश्न रास्त होता, तो सुटायलाच हवा होता. त्यासाठी गावाचं सभागृह वर्षानुवर्षं रिकामं ठेवणं रास्त नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये आदेश दिला, तेव्हा कुठे डिसेंबरमध्ये मतदान झालं.

आता सभागृहात तुमची माणसं आहेत. अर्थसंकल्पाच्या सभेला जा, पाणी आणि रस्त्यांचा पैसा कुठून येतो ते विचारा. आणि पाच वर्षं भरत आली, तरी निवडणुकीची तारीख लागली नाही, तर प्रशासक येऊन बसायच्या आधीच बोला.