कवचातलं सूत

जरीपटका हा शब्द नागपूरकरांच्या तोंडी सतत असतो, पण बहुतेक वेळा ऑटोवाल्याला पत्ता सांगताना. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं जिथे येऊन वसली, ती उत्तर नागपुरातली वस्ती. मुळात जरीपटका म्हणजे मराठी फौजेचं मानाचं निशाण. 'जर' म्हणजे फारसीत सोनं. अवेस्तातला 'जरन्य' आणि संस्कृतातला 'हिरण्य' हे सख्खे भाऊ, आणि 'जर' त्याच घरातला. 'पटका' हा पट, पट्टा, पट्टी या कापडाच्या कुळातला. पण जरीच्या धाग्यात सोनं असतं किती? मुलामा दिलेली चांदीची चपटी तार रेशमाच्या दोऱ्यावर गुंडाळली की कलाबतू होतो. झळाळी तारेची, ताण सोसतं आतलं रेशीम.

हा 'ताण'ही पाहण्यासारखा आहे. संस्कृतातल्या 'तन्' म्हणजे ताणणे या धातूपासून तंतू आला, ताणाही आला. 'तंत्र' म्हणजे आधी माग किंवा मागावरचं उभं सूत. पद्धत, शास्त्र हे अर्थ त्याला पुढे चिकटले. म्हणजे तंत्रज्ञान हा शब्द विणकराच्या घरून आलेला आहे. पदार्थ ओढला तर किती सोसेल याला इंग्रजीत 'टेन्साइल' हे विशेषण लावतात, तेही लॅटिनमार्गे याच धातूकुळातलं.

आतून ताण सोसणारं असंच एक सूत आणखी एका जागी आहे, त्यासाठी आता कोळंबीकडे येऊ. नागपुरात झिंगे म्हणा. बारीक सुके झिंगे आपण अंगच्या आवरणासकट खातो, तिथे टाकायला काही उरत नाही. किनाऱ्यावरच्या कारखान्यात मोठी कोळंबी सोलतात, तेव्हा डोकी आणि सालं मिळून जवळपास निम्मं वजन बाजूला पडतं. या उरलेल्याला आपण टरफल म्हणतो. जिवंत प्राण्याच्या अंगावर त्याचंच नाव कवच. कर्णाच्या अंगावर होतं ते कवच, आणि शेंगा खाऊन वर्गात टाकलेली ती टरफलं. वस्तू तीच असली तरी दुसरं नाव पडताक्षणी ती केरात जमा होते.

या कवचाचं मुख्य द्रव्य म्हणजे कायटिन. 1811 मध्ये आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनज्ञाला ते अळिंबीत सापडलं होतं, त्याने त्याला 'फंजीन' म्हटलं. 1823 मध्ये ओग्युस्त ओदिए भुंगेऱ्यांच्या कठीण पंखकवचांचा अभ्यास करत होता. त्याने त्या द्रव्याला 'कितीन' नाव दिलं, तेच इंग्रजीतून आपल्याकडे कायटिन झालं. मूळ ग्रीक 'खितोन', म्हणजे अंगरखा. होमरच्या काव्यात ग्रीक योद्ध्यांना 'खाल्कोखितोनेस' असं विशेषण आहे, कांस्याचा अंगरखा ल्यालेले. तिथे खितोन आणि कवच यांचा अर्थ एकच होतो.

पण खितोन शब्द मूळचा ग्रीकांचा नाही. तीन हजार वर्षांहून जुन्या मायसिनी मातीच्या पाट्यांवर तो 'की-तो' असा भेटतो, आणि तिथेही तो पूर्वेकडच्या व्यापाऱ्यांबरोबर आला असावा असं अभ्यासक मानतात. हिब्रूत 'कुत्तोनेत' म्हणजे अंगरखा. अक्कडी भाषेत 'किटू' म्हणजे तागासारख्या सुताचं कापड. हे सूत जवसाच्या खोडातून निघतं. जवस म्हणजेच अळशी, संस्कृतातली अतसी. तिच्या कापडाला आपल्याकडे 'क्षौम' म्हणत. विदर्भाच्या शेतात जवस तेलासाठी आणि चटणीसाठी पेरतात, आणि नागपूरच्या कृषी महाविद्यालयात त्याच्यावर संशोधन चालतं. समुद्राच्या तळाशी फिरणाऱ्या प्राण्याच्या कवचाचं नाव सोलत गेलं, तर आत जवसाचं सूत निघतं!

आणि हे सूत कवचात खरोखर आहे. ओदिएच्या मनात फक्त आवरण होतं. कायटिनची रचना त्याच्या काळी कुणालाच ठाऊक नव्हती. जवसाचा धागा सेल्युलोजचा असतो. सेल्युलोज आणि कायटिन, दोन्ही ग्लुकोजच्या कड्यांच्या लांब साखळ्या. फरक एवढाच, की कायटिनच्या प्रत्येक कडीवर एका हायड्रॉक्सिलच्या जागी नायट्रोजन असलेला ॲसिटामिडो गट बसतो. या साखळ्यांचे अतिबारीक तंतू प्रथिनात गुंडाळलेले असतात. ते थरावर थर रचले जातात, प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित वळलेला, आणि मधल्या जागेत कॅल्शियम कार्बोनेट भरलेलं.

तंतू मोकळे करायचे तर उलट्या दिशेने जावं लागतं. सौम्य आम्लाने कॅल्शियम काढायचं, अल्कलीने प्रथिनं, मग रंग. आणि मुख्य अट अशी, की मधे कुठेही वाळू द्यायचं नाही. वाळलं की तंतू एकमेकांना घट्ट धरून बसतात. जपानच्या तोत्तोरी विद्यापीठात शिन्सुके इफुकू यांनी 2009 मध्ये खेकड्याचं कवच असं ओलं ठेवूनच जात्यासारख्या यंत्रातून काढलं आणि 10 ते 20 नॅनोमीटर जाडीचे सारखे तंतू मिळवले. प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा ते कितीतरी बारीक असल्याने पारदर्शक राळेत घातले तरी राळ पारदर्शकच राहते. शिवाय ती तापून कमी फुगते, आणि तिच्यावरचा ताण तंतूंवर वाटला जातो. क्योतोच्या संशोधकांनी तर अख्ख्या खेकड्याच्या कवचातलं बाकी सगळं काढून आत ॲक्रिलिक राळ मुरवली आणि आरपार दिसणारा खेकडा तयार केला. मात्र या धुण्यातून निघणारं आम्ल-अल्कलीचं पाणी नीट निस्तरलं नाही, तर एका कचऱ्याच्या जागी दुसरा येईल. हे बजावून सांगायला हवं.

नागपुरात कायटिन नवखं नाही. इथल्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2007 मध्ये पाण्यातलं फ्लोराइड काढण्यासाठी कायटिन, त्यापासून बनणारं कायटोसॅन आणि लँथॅनम हा धातू लावलेलं कायटोसॅन तपासलं, त्यात लँथॅनमवालं सरस ठरलं. ते काम तंतूंचं नव्हतं, गाळण्याचं होतं. पण विदर्भातल्या काही गावांच्या विहिरींमध्ये फ्लोराइड आहे, तेव्हा कोळंबीचं कवच इथवर यायला सबळ कारण होतं.

राळेत तंतू घालून केलेला माल म्हणजे 'कॉम्पोझिट', मराठीत 'संमिश्र'. हा शब्द मला अपुरा वाटतो. मिश्रणात घटक एकमेकांत हरवतात. इथे तंतू तंतूच राहतो आणि राळ राळच, कलाबतूतल्या रेशमासारखा. तरी 'संमिश्र' हा शब्द रुळलाय, राहू द्यावा. 'नॅनोफायबर'बाबत मात्र माझा आग्रह आहे. नॅनो म्हणजे ग्रीकमध्ये बुटका. मराठीत त्यासाठी 'अब्जांश' आहे, मीटरचा अब्जावा भाग. अप् म्हणजे पाणी, अब्ज म्हणजे पाण्यात जन्मलेला. कोशात अब्जचे अर्थ कमळ, शंख, चंद्र आणि शंभर कोटी. कवचातल्या सुताला 'अब्जांश तंतू' म्हटलं, की मापही सांगितलं जातं आणि जन्मस्थानही. बोलताना लोक नॅनोफायबर म्हणतील, म्हणोत. शाळेच्या पुस्तकात मात्र अब्जांश तंतू छापावा, आणि खाली अब्जचे चारही अर्थ द्यावेत.