शिकणाऱ्याचा आवाज



मी भाषाशास्त्रज्ञ नाही. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते यंत्रमागाच्या कारखान्यांच्या दारात, युनियनच्या कचेरीत आणि नगरवाचनालयाच्या बाकावर. तेव्हा संगणकावर स्वतःचा आवाज मुद्रित करून भाषा शिकण्याविषयी मी बोलावे, असे चालकांनी सुचविले त्या वेळी मी प्रथम नकारच दिला होता. पण चालकांपैकी एकाला माझी एक फजिती ठाऊक होती. तिच्यापासूनच सुरुवात करतो.

आपल्या सोलापुरात विड्या वळणाऱ्या हजारो बायांची घरची भाषा तेलुगू आहे. त्यांना मराठी येते, आम्हांला तेलुगू येत नाही, आणि तरीही पुढारी आम्ही! ही गोष्ट मला पुष्कळ वर्षे टोचत होती. एका संपात मी हिय्या केला आणि दारावरच्या सभेत मोडक्यातोडक्या तेलुगूत बोललो. शेवटी आवेशाने मुठी आवळून म्हणालो, संप चालू! बाया खो खो हसू लागल्या. मागाहून एका वडीलधाऱ्या बाईने समजावून सांगितले, "अण्णा, मराठीत बोललात तर चालू. आमच्यात बोललात तर चालु म्हणजे पुरे." आरंभीचा च दोन्हीकडे तोच, आपल्या 'चारा'तला, 'चार'मधला नव्हे. भेद काय तो शेवटच्या उकाराचा. तेलुगूत तो आखूड, आपल्याकडे लांब. मी लांबच उच्चारला होता, म्हणजे ऐकणाराने मराठी समजायला हवे होते. पण बाकी सारे भाषण तेलुगू! संप पुढे चालवा की पुरे करा, हे पुढाऱ्याच्या तोंडून एका मात्रेवर लटकलेले असावे, ही काही साधी गोष्ट नव्हे.

त्यानंतर त्या बाईंनाच, त्यांना सगळे अक्का म्हणतात, मी गुरू केले. पण गंमत अशी की, अक्का 'पनि' म्हणत, म्हणजे काम. मी 'पनी' म्हणे. त्या म्हणत, चुकले. मी पुन्हा 'पनी' म्हणे आणि मनात म्हणे, मी तेच तर बोलतो आहे! शेवटी आमच्या एका सोबत्याच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने कचेरीतल्या जुन्या संगणकाला माइक जोडला, आधी अक्कांचा आवाज घेतला, त्यापाठोपाठ माझा, आणि दोन्ही लागोपाठ ऐकविले. त्या क्षणी मला प्रथम कळले की मी काय बोलत होतो. पडद्यावर दोघांच्या आवाजाची नागमोडी रेघ उमटली होती. माझ्या शेवटच्या इकाराची रेघ अक्कांच्या इकाराहून चांगली दुप्पट लांब! मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार आपण दीर्घ लिहितो आणि बोलतो. ही सवय जिभेत इतकी मुरलेली असते की, कानाला तिचा पत्ताही नसतो.

तेव्हापासून मला एक प्रश्न पडला. शिकणाऱ्याला त्याचाच आवाज ऐकविण्याची ही युक्ती संगणकाची आहे, की तिला काही इतिहास आहे? शोधू लागलो तेव्हा असे दिसले की, युक्ती फार जुनी आहे; एवढेच नव्हे, तर ती एकदा हाती आली होती आणि पुढे गमावली गेली होती. ही गमावण्याची कथा मला अधिक महत्त्वाची वाटते.

एडिसनने बोलके यंत्र केले ते १८७७ साली. पुढच्याच वर्षी त्याने एका अमेरिकन मासिकात लेख लिहून ह्या यंत्राचे कोणकोणते उपयोग होतील ते सांगितले. आज आपल्याला वाटेल की गाणे पहिले असेल. तसे नव्हते. पत्रे सांगून लिहविणे अग्रभागी होते, आणि यादीत वक्तृत्वशिक्षण होते, शाळेतले पाठ होते, भाषांचे उच्चार जसेच्या तसे जतन करणेही होते. पहिले यंत्र कथलाच्या वर्खावर आवाज कोरी, आणि वर्ख दोनचारदा वाजविला की फुकट जाई. १८८०च्या दशकात मेणाचा दंडगोल आला. ह्या दंडगोलाचा गुण असा होता की, त्याच यंत्रावर ऐकता येई आणि बोलताही येई. सुमारे दोन मिनिटे बोलावे, ऐकावे, नको असेल तर वरचा थर तासून काढावा आणि पुन्हा बोलावे. मुलांच्या पाटीसारखाच प्रकार म्हणा ना.

ह्या पाटीचा खरा उपयोग ज्यांनी केला त्यांचे नाव मी कामगार म्हणून मुद्दाम घेतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांतात स्क्रँटन म्हणून कोळशाच्या खाणींचे शहर आहे. तेथे टॉमस फॉस्टर नावाच्या संपादकाने १८९१ साली पत्रद्वारा शिक्षण देणारी शाळा काढली. खाणीत अपघात होत, माणसे गाडली जात. कामगारांना सुरक्षिततेचे ज्ञान व्हावे, फोरमनच्या परीक्षेला बसता यावे, हा तिचा मूळ हेतू. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी ह्या शाळेने भाषाही शिकवायला घेतल्या. विद्यार्थ्याला घरपोच एडिसनचे यंत्र, पाठांचे दंडगोल आणि पुस्तके मिळत. इतपत कुणीही केले असते. पण सोबत कोरे दंडगोलही येत. विद्यार्थ्याने त्यावर आपला धडा म्हणावा, डबीत घालून टपालाने स्क्रँटनला पाठवावा, तेथील शिक्षकाने तो ऐकून चुका कळवाव्यात! शेकडो मैलांवरच्या मुलाचे तोंड शिक्षकाच्या कानाशी नेऊन ठेवण्याची ही सोय सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे.

एक गोष्ट मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याच स्क्रँटनच्या मुलखात १९०२ साली मे ते ऑक्टोबर कोळसा-कामगारांचा प्रचंड संप झाला. सुमारे दीड लाख माणसे कामावरून उतरली. अखेर राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टला मध्ये पडावे लागले आणि चौकशीमंडळ स्क्रँटनमध्ये येऊन बसले. कामगारांना दहा टक्के वाढ मिळाली, युनियनला मान्यता मात्र मिळाली नाही. त्या खाणींत पोलिश, स्लोव्हाक, लिथुआनियन, इटालियन, आयरिश, वेल्श अशी नाना भाषांची माणसे एकत्र राबत. शाळेचे दंडगोल फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश शिकवीत होते. शेजारच्या बोगद्यातल्या माणसाची भाषा शिकण्याचे दंडगोल कुणी विकत नाही. तिला बाजार नसतो. तेलुगूच्या बाबतीत माझाही अनुभव तोच आहे. असो.

आता गमावण्याची कथा. बर्लिनरने १८८७ साली सपाट तबकडीचा ग्रामोफोन काढला. तबकडी एका ठशावरून हजारोंनी छापता येई, स्वस्त पडे, कपाटात रचून ठेवता येई. व्यापाराच्या दृष्टीने ती जिंकली हे योग्यच झाले. पण घरच्या ग्रामोफोनवर बोलता येत नसे. त्याने फक्त ऐकवायचे आणि आपण ऐकायचे. तबकड्यांवरच्या त्या कुत्र्याचे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे, धन्याच्या आवाजाकडे कान लावून बसलेला. फ्रान्सिस बरो ह्या चित्रकाराने मूळ चित्रात दंडगोलाचे यंत्र काढले होते. ग्रामोफोन कंपनीने चित्र घेतले तेव्हा १८९९ साली त्यावर रंग फासून त्या जागी तबकडीचे यंत्र काढविले. म्हणजे त्या कुत्र्यापुढे प्रथम जे यंत्र होते त्यावर बोलता येत होते. मागाहून आले त्यावर नुसते धन्याचे ऐकायचे. ह्या एका रंगाच्या थराखाली साऱ्या इतिहासाचे सार दडलेले आहे असे मला वाटते, आणि कुणी ह्याला कामगारपुढाऱ्याचा पूर्वग्रह म्हटले तर माझी हरकत नाही.

पुढची कित्येक वर्षे भाषाशिक्षण म्हणजे तबकडी लावून ऐकणे. लंडनमध्ये १९०१ साली जॅक रोस्टन यांनी सुरू केलेल्या लिंग्वाफोनचे पाठ जगभर गेले. ते उत्तम होते, पण शिकणारा काय बोलतो हे त्या तबकडीला कधी कळले नाही. आपल्याकडेही ग्रियर्सनसाहेबांच्या भाषापाहणीच्या वेळी, १९१३पासून १९२९पर्यंत, हिंदुस्थानातील निरनिराळ्या भाषा-बोलींच्या तबकड्या सरकारने करविल्या. बायबलातील उधळ्या पुत्राची गोष्ट जो तो आपल्या बोलीत सांगे. काम मोलाचे झाले, आज त्या आवाजांना तोड नाही. तथापि बोलणारा एके ठिकाणी, ऐकणारा दुसरीकडे आणि मालक तिसरीकडे, हीच तेव्हाची रीत होती.

शिकणाऱ्याचे तोंड त्याला परत मिळवून दिले ते फितीने. डेन्मार्कच्या पोल्सनने १८९८ साली पोलादी तारेवर चुंबकाने आवाज साठविला होता. जर्मनीत १९३५ साली फितीचे यंत्र लोकांपुढे आले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते जगभर पसरले. फीत पुसता येते, पुन्हा भरता येते. तीच जुनी पाटी! मग निघाल्या भाषेच्या प्रयोगशाळा. लाकडी खण, प्रत्येक खणात एक मुलगा, कानाला यंत्र. फितीवर दोन पट्टे असत: एकावर गुरुजींचा आवाज, तो विद्यार्थ्याला पुसता येत नसे; दुसऱ्यावर त्याचा स्वतःचा. वाक्य ऐकायचे, म्हणायचे, मागे जाऊन दोन्ही ताडून पाहायची. १९५७ साली रशियाचा स्पुटनिक उडाला आणि घाबरलेल्या अमेरिकेने पुढच्याच वर्षी कायदा करून विज्ञान, गणित आणि परकीय भाषांच्या शिक्षणाला पैसा मोकळा केला, त्यातून असल्या प्रयोगशाळा शाळाशाळांत उभ्या राहिल्या. आपल्या देशातही त्या आल्या.

त्यांचे झाले काय? १९६३ साली न्यूयॉर्कच्या आसपासच्या शाळांची पाहणी झाली, पुढे पेनसिल्व्हेनियात काही वर्षे मोठा प्रयोग झाला. प्रयोगशाळेत बसलेली मुले न बसलेल्यांहून सरस ठरली असे काही दिसले नाही. यंत्रे धूळ खात पडली. पण दोष केवळ यंत्राचा होता असे मला वाटत नाही. आपली चूक आपल्यालाच ओळखू येते असे त्या खणाने गृहीत धरले होते. मी अक्कांपुढे दहादा 'पनी' म्हणालो, तेव्हा मला ती ओळखू आली होती का? स्क्रँटनचा दंडगोल निदान कुणा शिक्षकाच्या कानापर्यंत पोचत होता. खणातल्या मुलाचा आवाज फितीवरच मरून जाई.

शिवाय आपला मुद्रित आवाज आपल्याला आवडतच नाही. ह्याचे कारण गेओर्ग फॉन बेकेशी ह्या हंगेरियन शास्त्रज्ञाने शोधले. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज कानात दोन वाटांनी शिरतो, एक हवेतून आणि दुसरी कवटीच्या हाडांतून. हाडांची वाट खालचे सूर भरदार करते. यंत्राला फक्त हवेतला आवाज मिळतो, म्हणून तो आपल्याला पातळ, परका वाटतो. इतरांना मात्र आपण जन्मभर तसेच ऐकू येत असतो! अक्कांना त्यांचा आवाज ऐकविला तेव्हा त्या दचकून म्हणाल्या, "ही मी नव्हे, ही माझी आई बोलते आहे." मला माझा आवाज ऐकून जे वाटले ते येथे सांगण्यासारखे नाही. तीस वर्षे ज्या आवाजाने सभा गाजविल्याचा मला गर्व होता, तो असा किनरा असेल असे वाटले नव्हते.

फितीची पेटी लहान झाली, फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट आणली, आणि आवाज टिपणे गरिबाच्याही आवाक्यात आले. आखातात कामाला गेलेले केरळचे मजूर कॅसेटवर बोलून घरी पत्रे पाठवीत. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांचीही सोय झाली.

संगणकाने नवे काय केले? आवाज आकड्यांत बदलला. संगीताच्या चकतीसाठी एका सेकंदात ४४,१०० वेळा आवाजाचे माप घेतात; टेलिफोनवर बोलणे समजायला ८,००० मापे पुरतात. आकडे झाले की प्रत करा, तुकडा कापा, हवा तेथे जोडा, काही झिजत नाही. १९९०च्या दशकाच्या आरंभी विंडोजबरोबर आवाज टिपण्याचा एक लहानसा कार्यक्रम फुकट येऊ लागला. त्यात एरवी एकच मिनिट मावे, पण एका वाक्याला मिनिट पुष्कळ झाले. १९९०च्या दशकातच ॲम्स्टरडॅमच्या दोघा संशोधकांनी, बुर्स्मा आणि वेनिंक यांनी, 'प्राट' नावाचा कार्यक्रम केला, तो आवाजाची चिरफाड करून लांबी, चढउतार सारे आखून दाखवितो. २००० साली 'ऑडॅसिटी' आला. दोन्ही फुकट. एके काळी विद्यापीठाच्या तळघरात असणारे हत्यार आज युनियनच्या कचेरीतल्या कळकट संगणकावर चालते, आणि आता तर ते खिशातल्या फोनमध्ये शिरले आहे.

हल्ली फोनच उच्चाराला गुण देतो. मला त्याचा फारसा भरवसा वाटत नाही. कुणाच्या तोंडची भाषा ऐकून त्याचा कान तयार केला, हे तो सांगत नाही. अक्कांची सोलापुरी तेलुगू त्याच्या लेखी चुकीचीच ठरायची. मी संगणकाला एवढेच काम देतो: तिचे वाक्य, माझे वाक्य, पुन्हा तिचे. निवाडा अक्काच करतात.

सध्या दर शनिवारी संध्याकाळी कचेरीत दोन खुर्च्या आणि एक माइक मांडलेला असतो. अक्का आता थकल्या, त्यांची नात येते. गेल्या महिन्यापासून बिहारचा एक तरुण हमाल मराठी शिकायला येतो आहे. कांट्यावरचा मुकादम त्याला जात नाही की काय असे विचारी आणि तो बिचारा आपली जात सांगू लागे, कारण ह्या दोन ज त त्याला फरकच ऐकू येत नव्हता. आम्ही त्याचा आवाज मुकादमाच्या आवाजाशेजारी ठेवून ऐकविला. 'जात' आता बहुतेक वेळा बरोबर येते. 'चारा' अजून 'चार'सारखाच येतो. त्यावर ह्या शनिवारी बसायचे आहे.