वाफसा

तीन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये मी पुण्यातून फोनवरच मूर्तिजापूरकडच्या आमच्या शेतात रोटाव्हेटर लावला. पाऊस पडून दोनच दिवस झाले होते. "वाफसा येऊ दे ना बापू," बाबा म्हणाले. पण ट्रॅक्टरचा नंबर लागला होता. मी ऑनलाइन पैसे पाठवून मोकळा झालो.

त्या वर्षी सोयाबीनमध्ये पाणी तुंबलं, पीक पिवळं पडलं. तुरीचं झाड उपटलं, तर सोटमूळ वीतभर खाली जाऊन आडवं वळलेलं. लोखंडी सळई खुपसली, तीही तिथंच अडली.

आपली काळी जमीन अशी दबते कशी, हे शोधता शोधता मी वखरापाशी पोचलो.

१८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात अमेरिकेचा कापूस अडला आणि अमरावती-अकोल्याच्या कापसाला भाव चढला. या कापूसमुलखाचं मुख्य अवजार मात्र नांगर नव्हतं, वखर होतं. नांगर निघायचा काही वर्षांतून एकदा, कुंद्यासारखं चिवट तण काढायला. वखराची पास वरची काही इंच माती तेवढी हलवायची. खोलवरचं काम जमीनच करायची. ही माती पावसात फुगते, उन्हात आकसते; मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वरची भुसभुशीत माती त्यांत उतरते.

शिवाय बैलजोडी चिखलात चालत नाही, म्हणून वाट बघणं भागच होतं. ट्रॅक्टर चालतो. त्याच्या सुमारे २ टन वजनाखाली ओल्या मातीतल्या हवेच्या जागा चेपतात. रोटाव्हेटरची पाती त्याच खोलीवर फिरून खालचा थर लिंपून टाकतात. भेगा हे दुखणं भरून काढतात, पण सावकाश. आपण दरवर्षी नव्यानं दाबतो.

मग आम्ही मे महिन्यात सबसॉयलर चालवला. थर कोरडा असेल तरच तडकतो. ओला नुसता चिरला जातो. पुढे रुंद वरंबा-सरी केली, म्हणजे चाकं सरीतूनच जातात. शेणखत घातलं, तूर ठेवली; मोकळी झालेली वाट तिची मुळं धरून ठेवतात. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात मात्र एवढ्यानं भागत नाही. तिथं सोडियममुळे माती घट्ट बसते, जिप्समही लागतं.

यंदा जूनमध्ये मी घरीच होतो. ट्रॅक्टरवाल्याचा फोन आला, "आज येऊ का?" मी फोन बाबांकडे दिला. त्यांनी मूठभर माती दाबून पाहिली. गोळा फुटेना.

"परवा या," ते म्हणाले.